रेंजफाइंडर आणि बॅलिस्टिक संगणक: .२२ रायफलीवर जोडणी करण्याचा बरोबर क्रम

गेल्या दोन हंगामांत आमच्या रेंजवर बहुतेक तक्रारी एकाच धर्तीच्या आल्या: रेंजफाइंडर (लेझरने अंतर मोजणारे उपकरण) महागाचा आहे, बॅलिस्टिक संगणक (गोळीच्या मार्गाचा हिशेब करणारे ॲप किंवा उपकरण) त्याला जोडलेला आहे, पडद्यावर आकडाही येतो, तरी गोळी हातभर वर किंवा खाली जाते. प्रत्येक वेळी उपकरण सुस्थितीत निघाले आणि कामाचा क्रम चुकलेला निघाला. खोका उघडताच लोक आधी ब्लूटूथ जोडतात, मग जमेल तसे आकडे भरतात आणि रायफल झिरो करण्याचे, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळीचा मार जुळवण्याचे, काम शेवटी उरकतात. प्रत्यक्षात जोडणीचा क्रमांक सातवा लागतो. त्याआधीच्या सहा टप्प्यांत जी चूक राहील, ती संगणक दशांशापर्यंत हिशेब करून इमानाने लक्ष्यावर पोचवतो.

उदाहरणासाठी मी .२२ एलआर रायफल आणि २०० मीटरपर्यंतचे अंतर घेतले आहे. आपल्याकडे क्लबच्या नेमबाजांच्या हाती बहुधा हीच रायफल असते, आणि तिची गोळी संथ असल्यामुळे २०० मीटरवर जे धडे मिळतात, ते मोठ्या बोअरच्या रायफलीला सहाशे-सातशे मीटरवर मिळतात. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची), सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास वेगाची गोळी ५० मीटरवर झिरो केली, तर १०० मीटरवर सुमारे २.३ मिल आणि २०० मीटरवर सुमारे ८.५ मिल चढवावे लागते (मिल हे कोनाचे माप आहे: १०० मीटरवर १० सेंटीमीटर). या दोन आकड्यांचा पुढे वारंवार उपयोग होईल.

इशारा. हे सर्व परवानाधारक नेमबाजांसाठी आहे आणि मान्यताप्राप्त रेंजवरच, रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली करायचे आहे. शेताच्या बांधावर किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी ‘एक-दोन गोळ्या टाकून बघू’ हा प्रकार शस्त्र कायदा, १९५९ खाली अंगाशी येतो, आणि जंगलात केल्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खालीही. मोबाइल किंवा उपकरणाची बटणे हाताळताना बोल्ट उघडा, मॅगझिन बाहेर आणि चेंबरमध्ये सुरक्षा-झेंडी असलीच पाहिजे.

## तयारी: घरूनच काय न्यावे

पोलादी मोजपट्टी (५० मीटरची मिळाल्यास उत्तम), ओळंबा, स्कोपच्या स्क्रूसाठी टॉर्क पाना, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र), एकाच लॉटच्या (उत्पादनाच्या एकाच खेपेच्या) किमान दीडशे गोळ्या, वही आणि पेन्सिल. पेन्सिल अशासाठी की मे महिन्यात घामेजल्या हाताखाली शाईचे आकडे पुसले जातात.

उपकरणांचे फर्मवेअर आणि मोबाइलवरील ॲप घरच्या वायफायवर अद्ययावत करून न्यावे. रेंजवर नेटवर्क एका रेघेचे असते आणि फर्मवेअर अर्ध्यावर थांबले तर सगळी सकाळ वाया जाते. बॅटऱ्या नव्या घालाव्यात आणि एक जोडी खिशात ठेवावी.

सर्व उपकरणांतील एकके घरीच एकसारखी करावीत: अंतर मीटरमध्ये, सुधारणा मिलमध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये, दाब हेक्टोपास्कलमध्ये. स्कोपचा टरेट (नेम वर-खाली करण्याची फिरकी) एमओए (मिनिट ऑफ अँगल) या मापाचा असेल तर संगणकही एमओएवरच ठेवावा. १ मिल म्हणजे सुमारे ३.४४ एमओए, आणि हा गुणाकार गोळीबाराच्या ओळीत डोक्यात करत बसण्यात अर्थ नाही.

एककांबद्दल जास्त सांगतो, कारण माझी स्वतःची एक अख्खी सकाळ त्यात गेली आहे. रेंजफाइंडर कारखान्यातून यार्डांवर आला होता, संगणक मीटरवर होता. पडद्यावर २०० दिसले, मी ८.५ मिल चढवले, आणि पाचही गोळ्या वर, पण एका मुठीत मावतील इतक्या जवळ. तेवढ्या सुरेख ग्रुपमुळे मी रायफलीवर संशय घेतला नाही, वाऱ्यावर घेतला. अखेर पट्टीने मोजले तेव्हा लक्ष्य १८३ मीटरवर निघाले. २०० यार्ड म्हणजे तितकेच. त्या अंतराला ७.४ मिल पुरे होते. जास्तीचे १.१ मिल म्हणजे वीस सेंटीमीटर वर.

## टप्पा १: उपकरण रायफलीवर बसवणे

रायफलीवर बसणारा पडदा (संगणकाचे उत्तर दाखवणारा) किंवा रेंजफाइंडर झिरो करण्याच्या आधी बसवावा. नंतर बसवल्यास वजनाचा तोल आणि स्टॉकवरचा दाब बदलतो आणि आधीचा झिरो भरवशाचा राहत नाही. उपकरण रेलवर किंवा स्कोपच्या रिंगवरील खास माउंटवर असावे. बॅरलला त्याचा कोणताही भाग टेकता कामा नये. बॅरल आणि स्टॉक यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती अडकली, तर माउंटने स्टॉक दाबला आहे असे समजावे.

स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत आणि प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू सरकला.

याच टप्प्यात पाणसळीचा बुडबुडा बसवून घ्यावा. स्कोपची उभी रेघ ओळंब्याशी जुळवावी आणि बुडबुडा त्याच वेळी मध्यावर आणून पक्का करावा. रायफल केवळ ३ अंश कलली तरी २०० मीटरवर गोळी दहा-बारा सेंटीमीटर बाजूला जाते. हा दोष लोक हमखास वाऱ्याच्या खात्यावर टाकतात.

तपासणी. पडदा पाहण्यासाठी गाल स्टॉकवरून उचलावा लागतो का? लागत असेल, तर उपकरण पुढे-मागे सरकवा. डोकेच हलले, तर आकडा बरोबर असूनही नेम बदलतो.

## टप्पा २: झिरो आणि टरेटची परीक्षा

५० मीटर अंतर पट्टीने मोजावे. रेंजवर रंगवलेल्या खुणेवर विसंबू नये. पाच-पाच गोळ्यांचे किमान तीन ग्रुप काढून त्यांच्या मध्याप्रमाणे झिरो करावे. एका गोळीकडे पाहून क्लिक फिरवण्याची सवय इथेच सोडावी.

त्यानंतरची परीक्षा बहुतेक जण टाळतात. १०० मीटरवर उंच पुठ्ठा उभा करून त्यावर ओळंब्याने उभी रेघ आखावी. खालच्या खुणेवर नेम धरून एक ग्रुप काढावा. मग टरेट ५ मिल चढवून, नेम त्याच खुणेवर ठेवून दुसरा काढावा. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर, म्हणून दोन ग्रुपच्या मध्यांत ५० सेंटीमीटरचे अंतर पडायला हवे. ते ४८ पडले, तर टरेट सांगतो त्याच्या ९६ टक्केच सरकतो. चांगल्या ॲपमध्ये हा गुणक भरण्याची जागा असते. दुसरा ग्रुप आखलेल्या रेघेच्या डावी-उजवीकडे गेला, तर स्कोप तिरका बसला आहे. मुकाट्याने टप्पा १ वर परतावे.

शेवटी, बॅरलच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी. ॲपमध्ये आधीच भरलेला आकडा आपल्या रायफलीचा नसतो.

## टप्पा ३: गोळीचा वेग

डबीवर छापलेला वेग कारखान्याच्या चाचणी-बॅरलमधला असतो. क्रोनोग्राफवर स्वतःच्या बॅरलमधून वीस गोळ्यांचा वेग घ्यावा आणि सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेगही टिपावा. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात चुकतो, म्हणून काम सकाळी करावे किंवा रडारवर चालणारा वापरावा.

दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ६ मीटरचा फरक असला, तर २०० मीटरवर केवळ तेवढ्यामुळे सात-आठ सेंटीमीटरची उभी फाकणी होते. ती कोणताही संगणक मिटवू शकत नाही. म्हणून लॉट बदलला की वेग पुन्हा मोजावा, आणि गोळ्यांची डबी सावलीतच ठेवावी. गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेली डबी आणि थैलीतली डबी या एकाच लॉटच्या असल्या तरी त्यांना एक मानू नये.

## टप्पा ४: संगणकातील नोंद

आता ॲप उघडायचे. नोंदीला ‘माझी रायफल’ असे मोघम नाव न देता रायफल, लॉट आणि महिना येईल असे नाव द्यावे, कारण पुढे जोडणीच्या वेळी नेमकी हीच नावे उलटसुलट होतात.

गोळीचे वजन, मोजलेला वेग, झिरोचे अंतर, स्कोपची उंची आणि बॅलिस्टिक गुणांक (गोळी हवेचा रोध किती भेदते, हे सांगणारा आकडा) भरावा. गुणांक भरताना तो जी१ आहे की जी७ (हवेच्या रोधाचे, म्हणजे ड्रॅगचे, हे दोन ठरावीक नमुने आहेत), हे ठरवूनच भरावा. .२२ च्या शिशाच्या गोळीला जी१ चा ०.१२ ते ०.१४ च्या दरम्यानचा आकडा लागतो. काही ॲपमध्ये रिमफायरसाठी (.२२ एलआर हे त्यातलेच काडतूस) आरए४ हा वेगळा ड्रॅग-नमुना मिळतो आणि तो असल्यास वापरावा. जी७ हा लांब, मागे निमुळत्या गोळ्यांसाठीचा नमुना आहे. त्याच्या रकान्यात ०.१३ लिहिल्यास संगणक कुरकुर न करता भलत्याच गोळीचे उत्तर देतो.

तपासणी. उत्तर १०० मीटरला २.३ मिल आणि २०० मीटरला ८.५ मिलच्या आसपास येते का, हे पाहावे. फार लांब गेले तर एकक, नमुना आणि झिरो या क्रमाने शोधावे.

## टप्पा ५: हवा

जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०९ मीटरवर आहे, म्हणून अनेक जण तो आकडा एकदा भरून मोकळे होतात. पण गोळीला उंची कळत नाही, तिला हवेची घनता कळते. मे महिन्यात पारा ४३ वर असताना आपल्याकडची हवा तेरा-चौदाशे मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते, आणि जानेवारीच्या १२ अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे ११ टक्के हलकी. २०० मीटरवर .२२ ला हा फरक दोन-तीन क्लिकचा (टरेटचा एक क्लिक बहुधा ०.१ मिल) पडतो. थंडीत केलेली नोंद उन्हाळ्यात जशीच्या तशी वापरल्यास गोळी वर लागण्याचे हे एक कारण आहे.

दाबाचा गोंधळ अधिक फसवा आहे. मोबाइलवरील हवामानाचे ॲप समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब दाखवते. बॅलिस्टिक संगणकाला प्रत्यक्ष जागेवरचा दाब लागतो, ज्याला स्टेशन प्रेशर म्हणतात. जळगावात या दोहोंत पंचवीस हेक्टोपास्कलच्या आसपास फरक असतो आणि तो फारसा जाणवत नाही. जास्त उंचीवरच्या पुण्यात किंवा महूला गेल्यावर मात्र तो साठच्या पुढे जातो. केस्ट्रेलसारखे हवामापक वापरत असाल, तर त्याच्या संदर्भ-उंचीच्या रकान्यात शून्य ठेवावे, म्हणजे ते जागेवरचाच दाब दाखवते. मापक दहा मिनिटे सावलीत, वाऱ्यावर धरावे. उन्हात तापलेल्या टेबलावर ठेवलेला मापक हवेचे नाही, टेबलाचे तापमान सांगतो.

वाऱ्याचे थोडे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, यांमधल्या तापीच्या खोऱ्यात वारा बराचसा पश्चिमेकडूनच येतो. धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या काही उगाच तिथे उभ्या नाहीत. उत्तर-दक्षिण आखलेल्या रेंजवर हा वारा पूर्ण आडवा लागतो. सेकंदाला केवळ २ मीटरचा आडवा वारा २०० मीटरवर गोळी पंधरा सेंटीमीटरच्या आसपास सरकवतो. मापकातील होकायंत्र बॅटरी बदलल्यावर पुन्हा जुळवावे आणि ते काम रायफलीपासून, लोखंडी टेबलापासून दोन-तीन पावले दूर जाऊन करावे. पोलादाजवळ जुळवलेले होकायंत्र वाऱ्याची दिशा चुकवते. आणि मापक तुमच्या हातातला वारा मोजतो. लक्ष्याजवळचा वारा झेंडीवरून डोळ्यांनीच वाचायचा असतो.

## टप्पा ६: रेंजफाइंडर एकटा तपासणे

जोडण्याआधी रेंजफाइंडर स्वतंत्रपणे खरा ठरला पाहिजे. पट्टीने मोजलेल्या ५०, १०० आणि १५० मीटरवर पुठ्ठे उभे करून प्रत्येकाचे पाच-पाच आकडे घ्यावेत. एक मीटरचा फरक चालतो. आकडे उड्या मारू लागले तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

लेझरचा झोत टाचणीच्या टोकाएवढा नसतो. दीड मिलिरेडियन फाकणारा झोत २०० मीटरवर तीस सेंटीमीटर रुंद होतो. लक्ष्य त्याहून लहान असेल, तर पुढचे गवत किंवा मागचा मातीचा बांध आकडा देतो. आमच्या रेंजवर बांध लक्ष्यामागे आठ मीटरवर आहे. त्याचा आकडा घेतला, तर २०० मीटरवर अर्धा मिल जास्त चढतो आणि गोळी दहा सेंटीमीटर वर जाते. पावसाळ्यानंतर गवत कंबरेएवढे असते तेव्हा ‘शेवटचे लक्ष्य’ ही पद्धत निवडावी. मागे बांध आणि पुढे मोकळी जमीन असेल तेव्हा ‘पहिले लक्ष्य’. काळी माती आणि भर दुपारचे ऊन यांत परतणारा झोत क्षीण होतो, तेव्हा लक्ष्याशेजारी पांढरा पुठ्ठा लावून त्याचे अंतर घ्यावे.

रेंजफाइंडर रायफलीवर असेल, तर त्याचा झोत आणि स्कोपचा मध्य जुळतात का हेही पाहावे. मागे बरेच मोकळे असलेला एकटा खांब निवडून रिकामी रायफल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत अंतरे घ्यावीत. खांबाचा आकडा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, त्याचा मध्य स्कोपच्या मध्यावर यायला हवा. तसेच वर-खाली करावे.

इशारा. रायफलीवर बसवलेल्या रेंजफाइंडरने लक्ष्याखेरीज कशाचेही अंतर मोजू नये. तो शेजारचा ट्रॅक्टर किती लांब आहे, हे पाहणे म्हणजे ट्रॅक्टरवर रायफल रोखणे. खांबाची ही चाचणीही रेंजच्या हद्दीत, गोळीबार बंद असताना आणि रेंज ऑफिसरला सांगूनच करावी.

## टप्पा ७: जोडणी

आता ब्लूटूथ. क्रम असा ठेवावा:

१. रेंजवर आणलेल्या इतर सर्व मोबाइलचे ब्लूटूथ बंद करावे.

२. रेंजफाइंडर चालू करून जोडणीच्या स्थितीत आणावा.

३. मोबाइलच्या सेटिंगमधून न जोडता संबंधित ॲपमधूनच जोडावा. सेटिंगमधून आधी जोडला गेला असेल, तर तिथे ‘विसरा’ करून पुन्हा ॲपमधून सुरुवात करावी.

४. ॲपला ब्लूटूथची आणि जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनचीही परवानगी द्यावी. ती नसल्यास शोधयादी रिकामीच राहते. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ॲप वगळावे, नाहीतर पडदा काळा झाला की जोडणी तुटते.

५. रायफलीवरचा पडदा सर्वांत शेवटी जोडावा.

६. रेंजफाइंडरमध्ये स्वतःचा संगणक असेल, तर टप्पा ४ मधील नोंद त्यात पाठवून तिचे नाव त्याच्या पडद्यावर वाचावे.

पहिल्या सूचनेचे कारण सांगतो. ही उपकरणे बहुधा एका वेळी एकाच मोबाइलशी बोलतात. एका तरुण नेमबाजाचा रेंजफाइंडर अर्धा तास सापडेना. “भाऊ, काल घरी तं जोडेलच होता,” असे तो परत परत सांगत होता. तो खरेच बोलत होता: घरी ज्या जुन्या मोबाइलला उपकरण जोडले होते, तो गाणी ऐकण्यासाठी त्याने पिशवीत आणला होता आणि रेंजफाइंडर चालू होताच तोच त्याला धरून बसत होता.

आणखी एक चूक उतारावरच्या लक्ष्याची. काही रेंजफाइंडर कोनाचा हिशेब करून कमी केलेले अंतर पाठवतात आणि संगणक त्यावर पुन्हा कोन लावतो. १५ अंशांच्या उताराला २०० मीटरचे आडवे अंतर १९३ भरते. दोनदा हिशेब झाला तर १८७. रेंजफाइंडरने सरळ रेषेतले अंतर आणि कोन हे दोन्ही वेगळे पाठवावेत. हिशेब एकट्या संगणकाने करावा. सपाट रेंजवर ही चूक दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे लपून राहते.

तपासणी. रायफल रिकामी ठेवून १०० मीटरच्या पुठ्ठ्याचे अंतर घ्यावे. रेंजफाइंडर, मोबाइल आणि रायफलीवरचा पडदा या तिन्ही ठिकाणी तेच अंतर आणि तेवढेच मिल आले पाहिजेत. मग लगेच ५० मीटरचे घ्यावे. पडद्यावर अजून १०० चे उत्तर असेल, तर जोडणी तुटलेली आहे आणि तुम्ही शिळा आकडा पाहत आहात.

## टप्पा ८: गोळीने पडताळणी

हे काम सकाळी सात-साडेसातच्या आत उरकावे. नंतर जमिनीवरून वाफा उठू लागल्या की लक्ष्य स्कोपमध्ये तरंगते. १००, १५० आणि २०० मीटरवर प्रत्येकी दहा गोळ्या संगणकाने सांगितलेल्या सुधारणेवर माराव्यात आणि ग्रुपचा मध्य मोजावा. फक्त उभा फरक पाहावा. आडवा फरक आज वाऱ्याचा आहे.

तिन्ही अंतरांवर चूक असेल, तर संगणकाला हात न लावता ५० मीटरचा झिरो पुन्हा पाहावा, मग स्कोपची उंची. झिरो पक्का असून अंतराबरोबर चूक वाढत असेल, तर वेगात थोडा बदल करावा. पण क्रोनोग्राफच्या आकड्यापासून सेकंदाला चार-पाच मीटरहून दूर जावे लागले, तर दोष दुसरीकडे आहे. १०० मीटर जुळते आणि २०० मीटरच चुकते, अशा वेळी गुणांक बदलावा. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि जुना वहीत लिहून ठेवावा. दोन आकडे एकदम बदलून २०० मीटरला जुळवलेली नोंद १५० मीटरला हमखास फसते.

## उन्हातली सोय

आयफोनसाठी कंपनीने सांगितलेली वापराची कमाल मर्यादा ३५ अंशांची आहे. आपल्याकडे मार्चमध्येच दुपारचा पारा तिच्यापुढे जातो. उन्हात ठेवलेला मोबाइल आधी पडदा मंद करतो, मग तापल्याची सूचना देऊन बंद पडतो, आणि तेही नेमके नेम धरलेला असताना. मोबाइल पांढऱ्या कापडाखाली ठेवावा. ओल्या रुमालात गुंडाळू नये, चार्जिंगच्या फटीत पाणी जाते.

पडताळणी झालेल्या आकड्यांचे छोटे कोष्टक, दर २५ मीटरला एक ओळ याप्रमाणे, पुठ्ठ्यावर लिहून स्टॉकला चिकटवावे आणि त्यावर तापमान व लॉट नोंदवावा. स्पर्धेला जाताना आयोजकांची नियमावली आधी वाचावी. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत स्कोपच चालत नाही, आणि इतर स्पर्धांत कोष्टक चालते पण रायफलीवरचा पडदा चालत नाही, असेही असू शकते. घरी परतल्यावर रेंजफाइंडर आणि पडदा यांच्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, आणि पुढच्या वेळी त्या घातल्यावर एकके पुन्हा यार्डांवर गेली नाहीत ना, हे पहिल्यांदा पाहावे.